एकाच भोंग्यावरचं गाव

माजरीहून निघालेला रेल्वेचा फाटा वणीला टेकायचा आणि राजूरला येऊन संपायचा. त्यापुढं रूळच नव्हते. गाडीतून उतरलेल्या माणसाला आणखी पुढं जायची सोय नव्हती, म्हणून तो इथंच राहून गेला, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. बोलण्यात थोडी भर असेल, पण राजूर वसलं ते असंच. पोटासाठी आलेल्या माणसांनी वसवलेलं हे गाव. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात कुणालाही विचारा, नुसतं राजूर कुणी म्हणत नाही, राजूर कॉलरी म्हणतात.

जमिनीखाली कोळसा होता आणि त्याच परिसरात चुनखडीचा दगड होता. दगड भाजायला कोळसा लागतो, भाजलेला चुना बाहेर पाठवायला रेल्वे लागते. तिन्ही गोष्टी एका जागी आल्या आणि माणसं येत राहिली. छत्तीसगडकडून आली, तेलंगणातून आली, उत्तर प्रदेश-बिहारातून आली. आजूबाजूच्या खेड्यांतले कुणबी, तेली, बौद्ध, मुसलमान, गोंड, कोलाम असे सगळे शेतीचा हंगाम सरला की कॉलरीचा रस्ता धरायचे. आमच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या घरांच्या रांगेत, एका भिंतीपलीकडं तेलुगू ऐकू यायची आणि दुसऱ्या भिंतीपलीकडं छत्तीसगडी. पोरं तिन्ही भाषांत भांडायची आणि आपल्या वऱ्हाडी-मराठीत समेट करायची. बतुकम्माची फुलं गोळा करायला आम्ही जायचो, तान्ह्या पोळ्याला तेलुगू घरातली पोरं लाकडी नंदी ओढत आमच्या दारी यायची. मोहरमच्या सवारीपुढं नारळ फोडणाऱ्यांत हिंदू बायका कितीतरी असत.

हे सगळं आठवलं की छाती भरून येते. पण त्या आठवणीत एक मोठा धोका आहे, तो आधीच सांगितला पाहिजे. त्या काळची माणसं मनानं मोठी होती आणि आजची कोती झाली, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. माणसं तेव्हाही आजच्यासारखीच होती. रागावणारी, मानापमान धरून बसणारी, आपल्या जातीचं आधी पाहणारी. फरक इतकाच, की तेव्हा एकमेकांवाचून कुणाचं चालत नव्हतं.

भुयारी खाणीत उतरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नसे. कामाच्या जागी पोचल्यावर पहिली गोष्ट करायची ती छत ठोकून पाहायची. हातातल्या काठीनं डोक्यावरच्या दगडावर टोला द्यायचा आणि कान द्यायचा. खणखणीत आवाज आला तर छत धड. बद्द आवाज आला तर वरचा थर सुटलेला, मग तिथून मागं सरायचं आणि लाकडाचे टेके लावणाऱ्याला बोलवायचं. माझ्या वडिलांच्या टोळीत हे ऐकण्याचं काम बिलासपूरकडून आलेला एक वयस्क माणूस करायचा. टेके लावणारा करीमनगरकडचा. टब भरणारे आमचे इकडचे. नव्या पोराला तो म्हातारा सांगायचा, "पहिले वरचं ऐक, मंग फावडं उचल." त्या टोळीत कोण कुणाच्या हातचं पाणी पितो हा प्रश्न वर उजेडात असेल, खाली त्याला जागा नव्हती. ज्याच्या कानावर आपला जीव टांगलेला आहे त्याच्याशी वैर धरून माणूस एक पाळीही काढू शकत नाही.

भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. गावातल्या चुली त्या भोंग्यावर पेटायच्या, पोरांच्या शाळेची वेळ त्यावर ठरायची, लग्नाचा मुहूर्तसुद्धा पाळ्या पाहून काढावा लागे. अवेळी भोंगा झाला की मात्र सगळं गाव खाणीच्या तोंडाशी. बायका डोक्यावरचा पदर सावरत धावायच्या. तिथं उभ्या असलेल्या गर्दीत कुणाचा माणूस खाली आहे हे कळेपर्यंत प्रत्येकीला तो आपलाच वाटायचा. बातमी कळल्यावरही कुणी घरी परतत नसे. ज्या घरावर घाला पडला त्या घरची चूल तीन दिवस शेजारी पेटवायचे. शेजारी कोणत्या मुलखाचा, हे मला तरी आठवत नाही. डबा घेऊन माय निघाली की आम्ही मागं मागं जायचो, एवढंच आठवतं.

चुनाभट्ट्यांचं जग निराळं. तिथं बायकांचे हात जास्त. भट्टीत दगडाचा एक थर, कोळशाचा एक थर, पुन्हा दगड, पुन्हा कोळसा, असं भरत जायचं. वरून भरायचं आणि भाजून झालेला चुना खालच्या तोंडातून ओढून काढायचा. तो निघतो तेव्हा पांढराशुभ्र आणि हलका, कळीचा चुना. पाण्याचा थेंब लागला की फसफसून तापतो. म्हणून घाम आलेल्या हातानं तो उचलायचा म्हणजे कातडी जळलीच. बायका हाताला तेल चोळायच्या, बोटांना चिंध्या बांधायच्या, नाकातोंडावर फडकं घ्यायच्या. अवकाळी पाऊस आला की वॅगनमध्ये भरलेला माल झाकण्यासाठी एकच पळापळ व्हायची, कारण भिजलेला चुना तापून आग लागायची भीती असे. त्या पळापळीत ताडपत्रीचं एक टोक गोंडाच्या बाईच्या हाती आणि दुसरं मुसलमानाच्या. संध्याकाळी सगळ्या एकसारख्या पांढऱ्या दिसायच्या. आमची माय घरी आली की आधी तेलानं हात पुसायची, मग पाण्यानं धुवायची. उलटं केलं तर रात्रभर आग.

आता दुसरी बाजू. ज्या टोळीला खाली भेद माहीत नव्हता, तीच टोळी वर आल्यावर वेगवेगळ्या नळांवर पाणी पिऊ शकत होती. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलणारी माणसं माझ्या वडिलांनी पाहिली आणि त्यांच्यातलीच काही आमच्या नात्यातली होती. खाणी खासगी मालकांच्या होत्या त्या काळात झोपडी मालकाची, उधारी मालकाच्या दुकानातली आणि हजेरी मालकाच्या मुकादमाच्या हाती. मुकादम आपल्या मुलखाच्या माणसाला आधी काम द्यायचा. तेव्हा एका मुलखाचे दुसऱ्यावर दात धरून असत. दारूच्या गुत्त्यावर मारामाऱ्या व्हायच्या आणि त्यांना तोंड मुलखाचंच असायचं. एकत्र काम केलं म्हणजे एकोपा आपोआप होतो, असं समजणं भाबडं आहे. कामाबरोबर न्याय आणि सोय आली, तेव्हाच माणसं जवळ आली.

हा न्याय आणि ही सोय कशी आली याचा इतिहास राजूरच्याही बाहेरचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया-धनबादच्या कोळसा खाणी स्वतः पाहून आले आणि जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा कामगारांच्या घरांवर, दवाखान्यांवर, पाण्यावर, शिक्षणावर खर्च करायचा, ही त्यातली कल्पना. ज्या मातीतून धन निघतं त्या मातीवर राहणाऱ्याला त्यातला वाटा मिळाला पाहिजे, हा विचार तिथं कायद्यात उतरला. पुढं १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांच्या उपस्थितीत चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो, वणी भागातली माणसं रेल्वेनं, बंडीनं, पायी गेली. परत आलेली माणसं निराळी होती. ओंजळीतलं पाणी त्यांनी नाकारलं. काही काळ गावात ताण होता, आणि तो असायलाच हवा होता. मान खाली घालून मिळालेली शांतता आणि मान वर ठेवून केलेला सलोखा या एका मोलाच्या गोष्टी नाहीत.

मग १ मे १९७३. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. लाइनीत त्या दिवसांबद्दल आजही बोलतात. पगार ठरलेल्या तारखेला, हजेरी पुस्तकात, आजारपणाला दवाखाना, भविष्यनिर्वाह निधी. मुकादमाच्या मर्जीला किंमत राहिली नाही, तशी मुलखा-मुलखातली चुरसही विरली. युनियनच्या फाटक-सभेत लाल, तिरंगी, भगवा असे निरनिराळे झेंडे असत, पण प्रत्येक झेंड्याखाली सगळ्या जातींची, सगळ्या भाषांची माणसं असत. भांडण होतं ते बोनसवरून. संध्याकाळी विहारात वंदना व्हायची, दुसऱ्या टोकाला तुकडोजी महाराजांच्या सेवा मंडळाची खंजिरी घेऊन सामुदायिक प्रार्थना चालायची, आणि दोन्हीकडची पोरं मधल्या मैदानात एकाच चेंडूमागं धावायची. माझ्या लेखी राजूरचा चांगला काळ तो. त्या काळाला जुनं ते सोनं म्हणून मी ओवाळत नाही. त्यामागं कायदा होता, संघटना होती, पाण्याचा नळ होता.

इथं एक तारीख सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८ एप्रिल १९५१. त्या दिवशी पॅरिसमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी एका करारावर सह्या केल्या. कोळसा आणि पोलाद यांचा कारभार सगळ्यांनी मिळून चालवायचा असा तो करार. सहाच वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांची शहरं बेचिराख केली होती, त्यांनी आपापला कोळसा एकाच संस्थेच्या देखरेखीखाली दिला, कारण कोळसा आणि पोलाद सामाईक असेल तर लढाई करायची कशानं? आजचा युरोपीय संघ त्यातून उभा राहिला. आणि त्याच दिवशी, तेलंगणातल्या पोचमपल्लीत, वर्ध्याहून पायी निघालेल्या विनोबांपुढं भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून १०० एकर देऊ केली. भूदान तिथून सुरू झालं. जमिनीवरून रक्त सांडलेल्या मुलखात ते घडलं. एका दिवशी, एकमेकांची खबरही नसताना, दोन ठिकाणच्या माणसांनी एकच वाट धरली. भांडणाचं मूळ ज्या वस्तूत आहे तीच वस्तू सामाईक करायची, निदान तिचा वाटा द्यायचा. भूदानाच्या पुढच्या प्रवासात पुष्कळ उणिवा राहिल्या, वाटलेल्या जमिनी सगळ्या कसदार नव्हत्या, हे खरं. तरी कोळशाच्या गावात वाढलेल्या मला ती तारीख आपली वाटते.

आता वणीचे रूळ आदिलाबादला जोडले गेलेत. रस्ते रुंद झाले, मोटारसायकली दारोदार आल्या, लाइनीतली पोरं इंजिनियर होऊन पुण्याला गेली. भुयारी खाणींचं काम आटत गेलं आणि तालुक्यात उघड्या खाणी आल्या. उकणी, निलजई, मुंगोली ही नावं आता भुयारापेक्षा डोंगराएवढ्या मातीच्या ढिगाऱ्यांसाठी ओळखली जातात. तिथं छत ठोकून पाहणारा लागत नाही. शॉव्हेल आणि डंपर लागतात, आणि ते चालवणारा काचेच्या खोलीत एकटा बसलेला असतो. मातीचं काम ठेक्यावर गेलं. ठेक्याची माणसं आज एका ठेकेदाराकडं, उद्या दुसऱ्याकडं. कायम नोकरीवाला आणि ठेक्यावरचा, प्रकल्पग्रस्त आणि बाहेरून आलेला, अशी नवी फळी पडली. जातीच्या आणि मुलखाच्या जुन्या फळ्या होत्याच, त्यांच्यावर ही आणखी एक.

यातली सर्वांत कडू भांडणं जमिनीच्या बदल्यातल्या नोकरीची. खाणीसाठी जमीन गेली की मोबदल्याबरोबर नोकरी, दोन एकरांमागं एक, असा हिशेब आमच्याकडं पोरासोरांना पाठ आहे. सातबाऱ्यावर बापाचं नाव, घरात तीन भाऊ, नोकरी एक. कुणाच्या नावानं संमती द्यायची? लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही लागते, तेव्हा तिला पंधरा वर्षांनी माहेरून साडी जाते. सही झाली की पुन्हा बोलणं बंद. चुलतभावाकडं दीड एकर असते, त्याला अर्धा एकर कुणीतरी जोडून द्यायची असते, तिथं शब्द दिला जातो आणि मोडला जातो. मी अशी घरं पाहिली आहेत जिथं एकाच अंगणात दोन दारं उघडतात आणि मध्ये तुराट्यांचं कुंपण आहे. खाणीनं पूर्वी परक्यांना एकत्र आणलं होतं. आता तीच खाण सख्ख्यांना तोडते, हे पाहणं फार अवघड आहे.

अशा भांडणांसाठी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. त्याआधी ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं होतं आणि गावाला स्पर्धेत उतरवलं की गाव उठतं, हे त्यांना ठाऊक झालं होतं. तंटामुक्तीत ग्रामसभेनं समिती निवडायची, दिवाणी, महसुली आणि तडजोडीजोगे फौजदारी तंटे गावातच बसून मिटवायचे, आणि गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येनुसार बक्षिसाची रक्कम गावाच्या विकासाला. मला या योजनेतली ही शेवटची जोडणी सगळ्यात मोलाची वाटते. तुझं-माझं भांडण मिटलं तर आपल्या सगळ्यांचा रस्ता होईल, हे कळल्यावर तिसरा माणूस मध्ये पडतो. एरवी दोघांच्या भांडणात तिसरा मजा पाहतो. त्या पहिल्या वर्षांत आमच्या भागातल्या गावांमध्ये बांधाचे, पाटाच्या पाण्याचे, सुनेच्या नांदण्याचे तंटे चावडीवर बसून मिटलेले मी पाहिले. कोर्टात वीस वर्षं लोळलेली कागदं एका दुपारी मिटली आणि दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर वणीला जाऊन अर्ज मागं घेऊन आले. पुढं मोहिमेचा जोर ओसरला. बऱ्याच गावांत समितीचं अध्यक्षपद हेच तंट्याचं कारण झालं. याचं वाईट वाटतं, कारण कल्पना चांगली होती आणि अजूनही आहे.

जे टिकलं ते बायकांनी टिकवलं. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळानं, म्हणजे माविमनं, आणि २०११ नंतर 'उमेद' अभियानानं ते गावोगाव नेलं. गट बहुतेक वस्तीवार असतात, आणि एका वस्तीत बहुधा एकाच समाजाची घरं. त्यामुळं गटानं जात पुसली, असं मी म्हणणार नाही. खरी गंमत त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. सगळ्या गटांचा मिळून ग्रामसंघ होतो, आणि तिथं प्रत्येक वस्तीची बाई सतरंजीवर बसते. बँकेतून पैसे काढायचे तर दोघींच्या सह्या लागतात. त्या दोघी वेगवेगळ्या वस्तीतल्या निघाल्या तर एकीला दुसरीच्या दारी जावंच लागतं, "चालता काय बाई वणीले, बँकीत जायचं हाय." वाटेत ऑटोत अर्धा तास. बँकेत रांगेत दोन तास. पासबुक एक, तहान दोघींना लागते, पाण्याची बाटली एकीच्याच पिशवीत.

अशा एका बैठकीला मला बसायला मिळालं. अंगणवाडीच्या व्हरांड्यात सतरंजी, मध्ये पत्र्याची पेटी, एक शिकलेली सून वही लिहीत होती. शिवणयंत्रासाठी कर्ज मागणारी बाई आणि त्या कर्जाला मंजुरी देणारी बाई, या दोघींच्या घरांत पुरुष माणसं दोन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हती. कारण तेच, जमीन आणि नोकरी. सगळ्यांना ते ठाऊक होतं. मंजुरी देणारीनं विचारलं ते एवढंच, की मागचं कर्ज फेडलं का आणि हप्ता किती पडेल. वहीत पाहिलं. फेडलेलं होतं. तिनं सही केली आणि म्हणाली, "मशीन आली का माह्या पोरीचा फ्राक पहिले शिवजो." हसल्या सगळ्या. त्यानंतर शिवणाच्या निमित्तानं त्या दोन घरांत कापडाची पिशवी जायला-यायला लागली. पुरुष बोलायला लागले ते पुढच्या दिवाळीत.

आज गावापुढं जो मोठा प्रश्न आहे तोही याच वहीजवळ येऊन थांबतो. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खनिजाच्या रॉयल्टीच्या प्रमाणात पैसा बाजूला निघतो आणि तो खाणींमुळं बाधित झालेल्या भागातल्या पिण्याच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर, प्रदूषण रोखण्यावर अग्रक्रमानं खर्चायचा आहे. १९४४ च्या कल्याण निधीचंच हे नातवंड म्हणायचं. पण तेव्हाचा निधी कामगाराचा होता. हा निधी तिथं राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे, खाणीत काम करो वा न करो. कोळशाच्या ट्रकची धूळ विहारावर बसते, मशिदीवर बसते, देवळावर बसते, आणि भुयारी खाणीत कधी न उतरलेल्या पोरालाही खोकला होतो. राजूरसारख्या गावात या पैशातून काय व्हावं, हे मुंबईत किंवा यवतमाळात ठरू नये. एका वस्तीला सभागृह आणि दुसऱ्या वस्तीला कमान, असं वाटप झालं तर हा पैसा नव्या भिंती बांधील. सगळ्यांना मिळून वापरावं लागेल असं काही उभं राहिलं पाहिजे. शुद्ध पाण्याची एक टाकी, फुप्फुसं तपासणारा एक दवाखाना, पोरींच्या अभ्यासाला रात्री उघडी राहणारी एक वाचनालयाची खोली.

ग्रामसंघातल्या बायकांनी यादी केली आहे. पहिला क्रमांक पाण्याचा, दुसरा तपासणीचा, तिसरा ट्रकच्या रस्त्याला बाहेरून वळण देण्याचा. कमानीचं नाव यादीत नाही. वही लिहिणाऱ्या सुनेनं अर्ज तयार केला, त्यावर सगळ्या वस्त्यांतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत, आणि ग्रामसभेच्या दिवशी तो वाचायला कुणी उभं राहायचं यावर त्यांचं अजून ठरायचं आहे.